‘वॉटर्लू सनसेट’ वाजवताना खिडकीच्या आत राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या चौघांच्या बँडनं साठच्या दशकातल्या द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचं ‘वॉटर्लू सनसेट’ हे गाणं बसवलंय. कॉर्ड बरोबर आहेत, शब्द पाठ आहेत, गाणारा सुरात आहे. तरीही तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं की गॅदरिंगमधल्या गाण्यासारखं वाटतं. काय चुकतंय? आणि जाता जाता, त्या गाण्यातले टेरी आणि ज्युली नेमके कोण?

रेकॉर्डिंग पाठवलंत ते बरं केलंत. मी तीनदा ऐकलं. चुका शोधायला बसलो तर फारशा सापडत नाहीत. ड्रम थोडे पुढे पळतात, दुसऱ्या कडव्यात बास एकदा घसरतो, पण हे काही दुखणं नव्हे. दुखणं वेगळंच आहे. तुम्ही हे गाणं गर्दीच्या मध्ये उभे राहून, हात वर करून वाजवताय, आणि ज्याचं ते गाणं आहे तो माणूस घराबाहेर पडलेलाच नाही.

शब्द पुन्हा एकदा नीट वाचा, पाठ असले तरी. एक मळकी नदी रात्रीत वाहत चाललीय. माणसांची लगबग बघून त्याला गरगरतंय, टॅक्सीचे दिवे डोळ्यांवर येतायत. दर शुक्रवारी रात्री एक मुलगा आणि एक मुलगी स्टेशनवर भेटतात. आणि हा? हा आळशी आहे, फिरायला जायचं त्याच्या जिवावर येतं, रात्री घरीच बसतो, खिडकीतून जग बघतो. मित्र नकोत म्हणतो. लंडनमधल्या वॉटर्लूचा सूर्यास्त दिसतोय तोवर आपण स्वर्गात आहोत, एवढंच त्याचं म्हणणं. रॉकमध्ये शहरांवरची गाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत गाणारा त्या शहराच्या रस्त्यावर छाती काढून चालत असतो. इथे शहरावर जीव आहे आणि शहरात जायची हिंमत नाही, किंवा गरज नाही. या दोन्हींतलं नक्की काय ते गाणं सांगत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका.

ही चूक मला लगेच ओळखू आली, कारण ती मी स्वतः केलेली आहे. नव्वदच्या दशकात आम्ही मुंबईत एका हॉटेलात शनिवारचे वाजवायचो. लोकांना जल्लोष हवा असायचा. आम्ही याचा शेवट असा काही उचलायचो की टेबलावरचे ग्लास हलायचे. टाळ्या पडायच्या. पण एका रात्री गाणं संपल्यावर एक वयस्कर इंग्रज पाहुणे उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘छान वाजवलंत, पण इतकी माणसं कशाला आणलीत त्यात?’ तेव्हा राग आला होता. अर्थ कळायला मला दहा वर्षं लागली.

आता हे गाणं झालं कसं ते थोडं सांगतो. इतिहास म्हणून नव्हे. तुमच्या प्रत्येक वादकानं काय करायचं याचं उत्तर त्यातच आहे.

हे गाणं लिहिणारा आणि गाणारा रे डेव्हिस हा उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलचा. सहा मोठ्या बहिणी, मग हा, मग धाकटा डेव्ह. 1964 मध्ये या दोघा भावांनी ‘यू रिअली गॉट मी’नं धुमाकूळ घातला होता. त्यातला तो फाटका, खरखरीत गिटारचा आवाज डेव्हनं छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं कापून काढला होता. हे लक्षात ठेवा, कारण तीन वर्षांनी ‘वॉटर्लू सनसेट’मध्ये ती मृदू, पाण्यावरून आल्यासारखी गिटार वाजवणारा माणूस तोच आहे. 1965 पासून 1969 पर्यंत अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं या बँडला तिकडे कार्यक्रम करू दिले नाहीत. बाकीचे ब्रिटिश बँड अमेरिका पालथी घालत असताना हे घरी अडकले. रेची गाणी त्या काळात जास्त जास्त इंग्लिश होत गेली: चहा, गल्ली, शेजारी, कर, आळशी दुपार. अडकून पडलेल्या माणसाचं लक्ष खिडकीकडे जातंच.

गाणं आधी लंडनचं नव्हतंच. रेनं सांगितलंय की मनात लिव्हरपूलचा सूर्यास्त होता, लिव्हरपूलच्या त्या सगळ्या संगीताचा काळ मावळत चालला होता म्हणून. मग फेब्रुवारी 1967 मध्ये बीटल्सचं ‘पेनी लेन’ आलं. लिव्हरपूलच्या मुलांनीच लिव्हरपूलवर असं गाणं केल्यावर लंडनच्या मुलानं त्यात काय हात घालायचा? त्यानं शहर बदललं आणि स्वतःच्या नदीकाठी आला. माझं मत विचाराल तर गाणं वाचलं ते इथे. लिव्हरपूल त्याला बाहेरून माहीत होतं, आणि वॉटर्लूला त्याचं बरंच काही पुरलेलं होतं.

लहानपणी तो गंभीर आजारी पडून सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये होता. घशाला छेद देऊन श्वासासाठी नळी घालावी लागली होती. हे हॉस्पिटल थेम्सच्या अगदी काठावर, पार्लमेंटच्या समोर आहे. नर्सनी त्याला बाहेर नेऊन नदी दाखवल्याची आठवण त्यानं सांगितलेली आहे. बोलता येत नाही, हिंडता येत नाही आणि समोर नदी वाहतेय. 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनाला घरच्यांनी त्याला आणलं होतं, तोही याच दक्षिण काठावर.

आणि तिसरी गोष्ट. ती मी विद्यार्थ्यांना सांगताना दर वेळी थोडा थांबतो. रेची एक मोठी बहीण रेने हिचं हृदय लहानपणापासून कमजोर होतं. जून 1957 मध्ये रेच्या तेराव्या वाढदिवसाला तिनं त्याला स्पॅनिश गिटार दिली. त्याच रात्री ती लायसियम बॉलरूममध्ये नाचायला गेली आणि नाचता नाचता गेली. लायसियम आहे कुठे? वॉटर्लू पुलावरून उत्तरेला सरळ चालत राहा, स्ट्रँड ओलांडा, समोर लायसियम. हे गाणं तिच्यावर आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पुलाकडे लांबूनच बघणारा, पलीकडे न जाणारा माणूस त्या मुलाला सुचला, एवढं तुमच्या गायकाला माहीत असावं. त्यानं ते चेहऱ्यावर आणू मात्र नये.

आता तुमच्या कामाचं. लंडनच्या मार्बल आर्चजवळच्या ‘पाय’ (Pye) नावाच्या स्टुडिओत 1967 च्या वसंतात हे ध्वनिमुद्रित झालं तेव्हा रेनं बँडला शब्द दाखवलेच नव्हते. वाद्यांचा सगळा ट्रॅक आधी झाला, शब्द शेवटपर्यंत त्याच्याजवळ. डायरीतलं पान दुसऱ्यानं वाचावं तसा संकोच त्याला वाटत होता. याचा अर्थ काय? वाजवणाऱ्यांना सूर्यास्त माहीत नव्हता. ते सूर्यास्त ‘दाखवत’ नव्हते, एक साधी, सुबक चाल नीट वाजवत होते. तुम्ही चौघंही सध्या सूर्यास्त दाखवताय. ड्रमर झांजेवर लाटा काढतोय, गिटारिस्ट प्रत्येक ओळीच्या शेवटी एक गोड तुकडा टाकतोय. शब्दांनी काम केलेलं आहे, त्यांना हातभार नको. एक प्रयोग करा: दोन तालमी गायकाशिवाय करा आणि वादकांनी शब्द विसरून जा.

सुरुवात बासची आहे. तो पायऱ्या उतरत येतो आणि गाणं त्या पायऱ्यांच्या तळाशी सुरू होतं. तुमचा बासवाला त्या उतरणीत प्रत्येक स्वराला धक्का देतोय, जणू दार ठोठावतोय. किंक्सचा बासवाला पीट क्वेफ तसं करत नाही. तो सगळ्या पायऱ्या सारख्याच वजनाच्या ठेवतो. प्लेक्ट्रमनं (तार छेडायच्या छोट्या पातीनं) वाजवा, तळहाताची कड तारांवर अलगद टेकवा, आणि शेवटच्या पायरीवर थांबू नका. थांबलात की श्रोत्याला वाटतं, आता काहीतरी मोठं येणार. मोठं काही येणार नाहीये.

गिटारबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमचा गिटारिस्ट चांगला आहे आणि तोच जास्त बिघडवतोय. रेकॉर्डवर डेव्हच्या गिटारला टेपचा इको आहे. 1967 मध्ये तो प्रकार जुना झाला होता, पन्नाशीच्या दशकातला, म्हणून उलट नवा वाटला. तुमच्या पेडलवर तो आणायचा तर उत्तराला उशीर फार नको, एक दशांश सेकंदाच्या आसपास. परत येणारा आवाज एकदाच, फार तर दोनदा. आणि त्याची चमक कापा, कारण टेपवरून परत येणारा आवाज मूळ आवाजापेक्षा मंद असतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये पाच-सहा पडसाद आहेत आणि वर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातल्यासारखं घुमणं. त्यानं खोली मोठी होते. इथे खोली लहान आणि नदी लांब असायला हवी. ज्या गिटारचा स्वर एकदाच परत येतो ती समोरच्या काठावर आदळून आल्यासारखी वाटते. पाच वेळा आला की चर्च होतं.

खाली अ‍ॅकॉस्टिक गिटार सतत हवी, आणि ती ऐकू यायला नको, नसली तर चुकल्यासारखं वाटायला हवं. कडवं ई मेजरमध्ये, ई-बी-ए या वळणानं जातं. उघड्या तारांची सोय हवी असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून डी-ए-जीचे आकार धरा, स्वर तेच येतील. तुमच्या गायकाचा वरचा पट्टा ताणला जातोय असं मला दोन ठिकाणी वाटलं. तसं असेल तर लाज न बाळगता कॅपो काढून टाका आणि डीमध्ये गा. मूळ स्वराचा हट्ट धरून ओरडण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. हे गाणं ओरडून गायलं की खिडकी फुटते.

मागचे आवाज. रेकॉर्डवर रे, डेव्ह, पीट आणि रेची तेव्हाची पत्नी रासा असे मिळून गायलेत. वरचा जो पातळ, जरा धुक्यातून आल्यासारखा आवाज आहे तो रासाचा. तुम्ही चौघं पुरुष, त्यामुळे तो वरचा स्वर तुमचा ड्रमर खोट्या आवाजात काढतोय आणि लोक हसतायत. (रेकॉर्डिंगमध्ये हसू ऐकू येतंय हो.) एखादी गाणारी मैत्रीण मिळाली तर बघा. नाही मिळाली तर तो स्वर सरळ सोडून द्या, विनोद होण्यापेक्षा रिकामी जागा बरी. मागच्या आवाजांनी शब्दांवर जोर द्यायचा नाही. ते रस्त्यावरून ऐकू येणारे लोक आहेत, त्याचे मित्र नव्हेत. माइकपासून हातभर मागे उभं राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या गायकानं चुकवलंय. पहिल्या कडव्यात तो म्हणतो, मला मित्रांची गरज नाही. तिसऱ्या कडव्यात तीच ओळ परत येते, पण ती ‘त्यां’ची झालेली असते: त्या दोघांना मित्रांची गरज नाही, ते दोघं स्वर्गात आहेत. तुमच्या गायकानं तिथेही ‘मला’च गायलंय. सवयीनं गेलं असेल, पण गाण्याचा कणा तिथेच मोडला. तिसऱ्या कडव्यात ती दोघं गर्दीतून निघून नदी ओलांडून पलीकडे पोचतात, तिथे त्यांना सुरक्षित वाटतं, आणि हा त्यांच्याकडे बघत आपलं सुख त्यांच्या हवाली करून टाकतो. स्वतःबद्दल बोलायचं थांबतो. तीन मिनिटं आणि थोड्या सेकंदांच्या गाण्यात एवढीच एक घटना घडते, आणि ती एका सर्वनामात घडते. तिथे आवाज वाढवायचा नाही, उलट किंचित मागे घ्यायचा. रे तेच करतो.

टेरी आणि ज्युलीबद्दल. सगळीकडे वाचाल की ते टेरेन्स स्टँप आणि ज्युली ख्रिस्ती, साठच्या दशकातले लंडनचे दोन देखणे तारे. दोघांचा एकत्र चित्रपट त्याच वर्षी आला खरा, पण ऑक्टोबरात. हे गाणं 5 मे 1967 ला बाजारात आलेलं होतं. चित्रीकरणाच्या बातम्या आधीपासून होत्या, त्यामुळे तारखेनं काही सिद्ध होत नाही, पण रेनं स्वतः हे नाकारलंय. त्याचं सांगणं असं की आपली बहीण तिच्या जोडीदाराबरोबर नव्या जगाकडे निघालीय अशी ती कल्पना होती. त्याची बहीण रोझ 1964 मध्ये नवऱ्यासोबत खरंच ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती, आणि तिच्या मुलाचं नाव टेरी. घरातली माणसं आगबोटीनं जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि धाकटा भाऊ काठावर उभा राहतो, हे ज्याच्या घरातून कुणी कायमचं परदेशी गेलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. मला तर ताऱ्यांची गोष्ट आवडतच नाही. शुक्रवारी रात्री वॉटर्लू स्टेशनवर भेटणारी जोडी साधीच असली पाहिजे, आठवड्याचा पगार घेऊन आलेली.

ती जागा तेव्हा कशी होती तेही डोळ्यांसमोर आणा. आजचे फोटो बघून फसाल. आता तिथे लंडन आयचं चक्र आहे, कॅफे आहेत, नाट्यगृहं आहेत. 1967 मध्ये क्वीन एलिझाबेथ हॉल नुकताच, मार्चमध्ये उघडला होता, हेवर्ड गॅलरीला अजून एक वर्ष होतं, नॅशनल थिएटरला नऊ. बाकी धूर, काँक्रीट आणि घरी धावणारे चाकरमानी. नदी मळकी म्हणणं हा कवीचा अलंकारही नव्हता: 1957 मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमनं थेम्स जैविकदृष्ट्या मृत झाल्याचं म्हटलं होतं. पूलही जुना नव्हे. मोनेनं ज्याची पुन्हा पुन्हा चित्रं काढली तो 1817 चा पूल पाडून युद्धाच्या काळात हा नवा बांधला, आणि त्यावर मोठ्या संख्येनं बायका राबल्या. नदीवरचे नावाडी त्याला बायकांचा पूल म्हणत आले आहेत, पण 1945 च्या उद्घाटनाच्या भाषणात कौतुक झालं ते पुरुष कामगारांचं.

मी स्वतः त्या पुलावर दोनदा उभा राहिलोय. पहिल्यांदा जूनमध्ये गेलो आणि वैतागलो, कारण सूर्य नदीकडे मावळतच नव्हता. तो वायव्येला, स्ट्रँडकडच्या इमारतींमागे रात्री नवाच्या पुढे कुठेतरी गेला. दुसऱ्यांदा डिसेंबरात गेलो. पावणेचारला उजेड तांबूस झाला, सूर्य नैर्‌ऋत्येला उतरला, पार्लमेंट आणि व्हाइटहॉलच्या दिशेनं, आणि पाणी तेवढ्यापुरतं पेटलं. बोटं गोठली होती. गाण्यात संध्याकाळ गार आहे असं तो दोनदा म्हणतो, तेव्हा हे हिवाळ्याचंच गाणं असावं असं मी आपलं मनाशी धरलंय. म्हणून तालमीत सांगतो: उन्हाळ्यासारखं वाजवू नका.

1967 चा तो उन्हाळा रंगीबेरंगी गाण्यांचा होता. ‘वॉटर्लू सनसेट’नंतर महिन्याभरात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला. त्या सगळ्या गजबजाटात ब्रिटनमध्ये हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, अमेरिकेत कुणी विचारलं नाही. लंडननं मात्र ते आपलं मानलं. 2012 च्या ऑलिंपिकच्या समारोपाला रे काळ्या टॅक्सीतून स्टेडियममध्ये उतरला आणि त्यानं हेच गायलं. ते तुम्ही बघितलंच असेल, आणि मला शंका आहे की तुमचा नमुना तोच आहे. ऐंशी हजारांसमोर ते तसंच गावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. पण तुम्ही मूळ रेकॉर्ड लावा, हेडफोनवर, दिवा घालवून.

शेवटाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. रेकॉर्डवर शेवटची ओळ फिरत राहते, वाद्यं जरा चढतात आणि आवाज विरत जातो. मंचावर असं विरता येत नाही, म्हणून तुम्ही मोठा फटका मारून थांबताय. त्याऐवजी ती ओळ चार वेळा घ्या. पहिल्यात सगळे. दुसऱ्यात ड्रम थांबवा. तिसऱ्यात मागचे आवाज बंद. चौथ्यात गायकानंही गप्प राहायचं. उरेल फक्त बास आणि तो एकदाच परत येणारा गिटारचा स्वर. टाळ्या यायला दोन-तीन सेकंद उशीर होईल. त्या वेळी कुणीही ‘थँक यू’ म्हणायला माइककडे धावू नका. पुढचं रेकॉर्डिंग तेवढ्या शांततेसकट पाठवा, कापू नका.